हातपंप

नेमबाजी क्लबचा हवेचा सिलिंडर फुटून माझी भाची शालन गेली, हे मला सोमवारी फोनवर कळलं. मुलींच्या एअर रायफलींमध्ये ती हवा भरून द्यायची. सिलिंडर तपासून घ्या, असं तिनं सेक्रेटरी बावडेकरांना दोनदा लेखी कळवलं होतं; पत्रांच्या नकला माझ्याकडे ठेवल्या होत्या.

महिन्यानं बावडेकर माझ्याकडे आले. "अण्णा, तुम्हाला यंत्रातलं कळतं. रायफलींत हवा भरायला आता काय घ्यावं? नवा सिलिंडर, कॉम्प्रेसर, की हातपंप?"

"हातपंप. आणि तो तुम्हीच मारायचा. नाहीतर तिच्या पत्रांच्या नकला पोलिसांकडे जातील."

आता रोज सकाळी ते घामाघूम होत पंप मारतात. मी समोर खुर्ची टाकून बसतो.

"अण्णा, कंबर गेली हो माझी."

"अजून सहा रायफली राहिल्यात. मारा."

तपासणी आपणच टाळली, हे त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.