चार हातांतला चोर
एकाच पियानोवर दोघी बहिणी आणि भोवती छोटा ऑर्केस्ट्रा, अशी ती नवी रचना होती. मधल्या पट्ट्यांवर ताईच्या उजव्या हातात धाकटीचा डावा हात सारखा गुंतायचा आणि नेमका तिथेच रोज तालमीत एक स्वर चुकायचा. कुणाकडून, ते ऑर्केस्ट्रालाही कळेना. “उद्या कार्यक्रम आहे. आज चुकलं तर एकीला बदलेन,” ऑर्केस्ट्राचे संचालक म्हणाले. धाकटीचा संशय ताईवर होता. “तुझं बोट घसरतं, ताई.” “चोराच्या उलट्या बोंबा!” ताई हसली आणि ते हसणं धाकटीला जास्तच खटकलं. म्हणून ती जागा आली तेव्हा तिने स्वतःचं बोट पट्टीवर नुसतं टेकवलं, दाबलं नाही. आता चुकेल ती ताईच. तुकडा संपला. “शाब्बास! आज पहिल्यांदाच स्वच्छ वाजलं,” संचालक म्हणाले. धाकटीने आपल्या न दाबलेल्या बोटाकडे पाहिलं. ताई कानाशी वाकली. “उद्याही बोट नुसतंच टेकव हं.”