तीन तिगाडा

"सगळं सगळ्यांशी जुळवत बसलो तर वर्ष जाईल, ताई. दोन-दोनच्या जोड्या तपासू, बास!" निनाद म्हणाला. आमच्याकडे सलाईनमधलं औषध मोजून सोडणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर तपासायला आलं होतं. त्यातली सेटिंग्ज दोन-दोन करून लावली: मराठी पडदा आणि बालरुग्ण, बालरुग्ण आणि बॅटरी, बॅटरी आणि मराठी पडदा. सगळ्या जोड्या पास झाल्या.

"आणि तिन्ही एकत्र आली तर?" मी विचारलं.

"तीन तिगाडा, काम बिगाडा? चतुर्थीचा उपास डोक्यात गेलाय तुमच्या. साबुदाणा खा थोडा!" सगळे हसले. यंत्रं दवाखान्यांत गेली.

श्रावणात निनादची लेक तापाने आजारी पडली. मी गणपतीचं फूल घेऊन दवाखान्यात गेले. "बघा, आपलंच यंत्र!" तो कौतुकाने म्हणाला. पडद्यावर मराठीत लिहिलं होतं, 'बालरुग्ण'. मी फूल पोरीच्या उशाशी ठेवलं आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

"लाइट गेली. काळजी नको, हे बॅटरीवर चालतं," नर्स म्हणाली.

निनादने माझ्याकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही. नळीतले थेंब एकमेकांना गाठू लागले होते.