ठकीचा डोंगर

सुतारानं मुलीला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावली.

"साडेदहा इंच. हलू नकोस, ठकी."

"गुदगुल्या होतात, बाबा."

ठकी साडेचार वर्षांची होती. डोंगरावर न्या, म्हणून तिनं महिनाभर डोकं खाल्लं होतं. कारखान्यात दुरुस्तीला आलेल्या खुर्चीवर सुताराचा मोठा भाऊ बसला होता. तो दर सुट्टीला कुठला ना कुठला डोंगर पालथा घालायचा.

"अरे, पोरीला डोंगरावर न्यायचंय की तिचं कपाट करायचंय?" तो म्हणाला. "माझं ऐक, सरळ मोठ्या डोंगरावर ने. पहिला डोंगर कसा, जन्मभर आठवणीत राहिला पाहिजे."

"माझ्या राहिलाय की, दादा."

भाऊ खुर्चीत सावरून बसला.

"अर्ध्यावर रडायला लागलो, म्हणून बाबांनी पाठुंगळी घेऊन उतरवलं," सुतार टेप गुंडाळत म्हणाला. "खाली येईपर्यंत सगळे हसत होते. तूसुद्धा."

त्यानंतर तो कधीच डोंगर चढला नव्हता.

पण या महिन्यात त्यानं तीन डोंगरांच्या पायथ्याशी चकरा मारल्या होत्या. पहिल्याच्या पायऱ्या चौदा-चौदा इंचांच्या निघाल्या. त्या ठकीच्या मांडीला लागल्या असत्या. दुसऱ्याची वाट सोपी होती, पण एका बाजूला नुसती दरी. तिसरा पाण्याच्या टाकीमागचा, बसका. त्याला डोंगर म्हणायचं की टेकाड, यावरून भावानं बरीच चेष्टा केली. पण वाट रुंद होती, दुतर्फा झाडं होती आणि मोजलेली एकही पायरी सात इंचांच्या वर नव्हती. सुतार पहिल्या वळणापर्यंत जाऊन, मापं घेऊन परत फिरला होता. पुढचं ठकीबरोबरच बघायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी तिघं टाकीपाशी पोचले. बायकोला सातवा महिना लागला होता. ती बाकावर बसली. "मी इथून बघते. सावकाश जा हं," ती म्हणाली.

सावकाशच गेले. ठकीला एक पायरी इतकी आवडली, की तीच पायरी ती दोनदा चढली. एका किड्यापाशी दहा मिनिटं गेली. एका झाडाला तिनं मिठी मारून पाहिली. हात पुरले नाहीत, तेव्हा बाबालाही मारायला लावली. सुतारानं लाकडाला उभा जन्म हात लावला होता, पण उभ्या झाडाला अशी मिठी मारायची वेळ कधी आली नव्हती. साल गार लागली. त्याला बरं वाटलं.

तिसऱ्या वळणावर माथा दिसला. एक सपाट खडक, त्याच्याशेजारी एकुलतं झाड, आणि मागे आभाळ. सुताराची पावलं आपोआप झपझप पडायला लागली.

मागून आवाज आला. "बाबा, माझे पाय संपले."

ठकी पायरीवर बसली होती. रडत नव्हती. नुसती बसली होती.

"अगं, आता आलंच की! ते बघ झाड."

"दिसलं. आता आईकडे."

वरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उतरत होते. ते थांबले. "पन्नास पावलंसुद्धा नाहीत हो. घ्या उचलून! इतकं जवळ येऊन कुणी परत जातं का? वर काय वारा सुटलाय!"

सुतारानं वर पाहिलं. मग ठकीकडे. पोर सोळा किलोची. तो रोज याच्या दुप्पट वजनाच्या फळ्या उचलायचा. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"उचलून नेऊ?"

ठकीनं विचार केला. "नको. मी चालत आले ना? मग चालतच खाली."

तो उठला आणि त्यानं हात पुढे केला. "चल."

गृहस्थांनी मान हलवली आणि ते पुढे निघून गेले. वळणावर सुतारानं एकदाच मागे पाहिलं. तोवर ठकी पायऱ्यांवर बसून बसून, घसरत, खिदळत दहा पायऱ्या खाली पोचली होती. त्याला तिच्यामागे धावावंच लागलं.

खाली येताच ती आईच्या अंगावर जाऊन पडली आणि किडा, मिठी, काठीवाले आजोबा सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. तेवढ्यात सुताराचा फोन वाजला. भाऊ होता.

"काय, पोचलात का वर?"

"नाही. पन्नास पावलं राहिली."

पलीकडून कुणी हसलं नाही. भावानं विचारलं, "रडली का रे?"

"छे! पाय संपले म्हणाली आणि उतरली."

"संपलं नाही," आईच्या कुशीतून ठकी ओरडली. "वरचं थोडं ठेवलंय. पुढच्या रविवारी आहे ते!"

भावाला ते ऐकू गेलं असावं. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी मी आलो तर चालेल का?"

"मला काय विचारतोस? डोंगर तिचा आहे." सुतारानं फोन ठकीच्या कानाला लावला. "काका विचारतोय, मी येऊ का?"

ठकीनं आधी आईकडे पाहिलं, मग बाबाकडे. मग दोन्ही हातांनी फोन धरून ती म्हणाली,

"ये. पण काका, तुला हळू चालता येतं का?"