देवाच्या डोहातलं

द्वारकाकाकूंनी पायरीवर बसून "या गं बायांनो" म्हणत चुरमुरे टाकले, तसे देवाच्या डोहातले खडस मासे वर आले. मागून यंत्रमासाही संथ तरंगत आला. कुणीतरी नवसाला सोडलेले परदेशी मांगूर मासे खडसांची पिल्लं फस्त करत होते. डोहात जाळं टाकायचं नाही, म्हणून मांगूर खायला हा आणलेला. आता मांगूर संपले होते.

मत्स्यखात्याचे रसाळ यंत्रमासा बाहेर काढायला जाळं घेऊन आले. "काकू, हा खाईल त्यावरच चालतो. आता खडसांच्या जिवावर उठेल."

"देवाच्या डोहातलं धरायचं नसतं, साहेब."

काकूंनी चुरमुऱ्यांची ओंजळ पुढे केली. यंत्रमाशाने ते अलगद टिपले. खडस त्याच्या सावलीत निवांत शिरले. रसाळांनी जाळं गुंडाळलं.

ओंजळ रिकामी होताच यंत्रमासा खडसांकडे वळून पुन्हा तोंड उघडी. ऊन कललं, तरी काकूंना पायरीवरून उठता येईना.