टिप्याच्या कपाळाचा वास

"कुत्र्याला वास येतो तो कानाचा, दाताचा न्हायतर पंजाचा. चौथी जागा न्हाय," जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं काढलेले निंगप्पा लेकीला म्हणाले आणि बाहत्तरच्या दुष्काळातल्या भर दुपारी टिप्याला पुढ्यात घेऊन बसले.

तिन्ही जागा साफ निघाल्या. वास कपाळाला होता. ओली माती, विभूती, बेल. महिन्यामागं बायकोला, पार्वतम्माला, लिंगायत रीतीनं बसवून माती दिली, त्या खड्ड्याचा वास.

"उकरून आला असंल," लेक म्हणाली.

"नखात मातीचा कण न्हाय की."

त्यांनी साबणानं कपाळ धुतलं. वास गेला. "झालं," ते म्हणाले.

टिप्या उठून पार्वतम्माच्या रिकाम्या बाजेपाशी गेला आणि कान पाडून शेपूट हलवत उभा राहिला. परतला तेव्हा त्याच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढलेली होती, अजून ओली.