खिडकीखालचा पोरगा

नातवाच्या लग्नाची पार्टी समुद्राकाठच्या जुन्या हॉटेलात होती. बँड सुरू होताच नवरदेवाने आजीला ओढून नाचायला नेलं. ती हसत होती, पण खिडकीपाशी येताच थबकली. “इथे नको रे.” “का गं? दमलीस?” “युद्धात हा हॉल आमचा वॉर्ड होता. मी नर्स होते. या खिडकीखाली एक पोरगा होता, दोन्ही पाय गेलेला. रोज म्हणायचा, सिस्टर, लढाई संपली की इथेच नाचू. मी आपली हो म्हणायचे.” “मग?” “लढाई संपली तेव्हा त्याच्या खाटेवर दुसराच कोणी होता.” आजीचा हात घट्ट धरून नातू खिडकीपाशीच सावकाश पावलं टाकू लागला. जरा वेळाने त्याने विचारलं, “उंच होता का?” आजी समुद्राकडे पाहत राहिली. “काय माहीत, बाळा. मी त्याला उभं कधी पाहिलंच नाही.”