गार इंजिन

कापून उघडलेल्या ऑइल फिल्टरपुढे ती आणि वडील उभे होते. फिल्टरच्या कागदी घड्यांत धातूचा बारीक कीस चमकत होता. भाऊ वारल्यापासून त्याची स्पोर्ट्स कार गॅरेजातच होती. मग इंजिन झिजलं कसं?

"रोज सकाळी मी सुरू करतो," वडील म्हणाले. "त्याच्यासारखी रेस देतो, आवाज ऐकतो, बंद करतो."

"आबा, गार तेल घट्ट असतं, लगेच रेस दिली की फिल्टरमधून पुरेसं जात नाही. इंजिन कोरडं पडू नये म्हणून बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल आत शिरतं. त्यानंच ते झिजलंय."

"थोडं तापू दिलं तर?"

"उशीर झालाय, आबा. असंच चाललं तर तो आवाजही जाईल. नाही ना सुरू करणार?"

वडिलांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि ते घराकडे निघाले.